उकळलेला नंदी

१४ जून, शनिवार

निवृत्त होऊन अडीच महिने झाले. मिलमध्ये तीस वर्षं बॉयलरवर होतो. तिथे दर तासाला दाब, पाणी, तापमान लिहून काढायची सवय. इथे लिहायला काही नाही म्हणून हात शिवशिवतो, तेव्हा आजपासून ही डायरी. कोणाला दाखवायची नाही.

सकाळी वावरात गेलो. मुकेश भेंडीला पाणी देत होता. नळी धरायला गेलो तर म्हणाला, "राहू द्या ना बाबा, मी करतो. तुमी बसा." मी बांधावर बसलो. घरी आलो तर सूनबाई रूपाली सांबार निवडत होती, कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला हात लावला तर ती म्हणाली, "मामाजी, तुमी बसा." हिंगणघाटच्या मिलमध्ये मी नसलो की साहेब शिट्टीसारखे ओरडायचे. इथे मी असलो तरी अडचण आणि नसलो तरी चालतं.

दुपारी नातीनं, मयुरीनं, माळ्यावरून आपला लाकडी नंदी काढून मागितला. तान्ह्या पोळ्याला अजून दोन महिने आहेत, पण पोरीला आतापासून घाई. नंदी पाहिला आणि गेल्या वर्षीचं आठवलं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावातली सगळी पोरं आपापले नंदी सजवून ओढत मारुतीच्या पारापर्यंत गेली. मधेच पाऊस आला. आमचा नंदी पाइनचा, पॅकिंगच्या फळ्यांचा. चाकांनी पाणी पिऊन अशी फुगी धरली की आसावर फिरेचनात. पोर नंदी काखेत घेऊन रडत घरी आली. तिला शब्द दिलाय की या वर्षी अडणार नाही. आता कसा अडणार नाही ते मलाच शोधायचंय.

१७ जून

सापडलं असं वाटतंय.

न्हाणीजवळच्या चुलीवर पाणी तापवायचा ड्रम आहे. त्यावर झाकण म्हणून पाइनची एक फळी दोन वर्षांपासून पडली आहे. आमच्या बोअरचं पाणी खारं, भांड्यावर पांढरा थर चढतो. त्या पाण्याची वाफ खाऊन फळी गुळासारखी लाल झाली आहे. आज सहज उलटून पाहिली तर कुठे फुगवटा नाही, कुठे वाक नाही. जाडी मोजायचा जुना व्हर्नियर काढून मोजली, मग बादलीत बुडवून ठेवली, संध्याकाळी परत मोजली. फरक केसाएवढा.

देवकाबाई म्हणाली, "त्या झाकणाचं काय पाहून राह्यले अर्ध्या घंट्यापासून?"

म्हटलं, "तुझ्या न्हाणीत विज्ञान आहे."

"मंग बाहेर काढा, मले आंघोळीले जाचं हाये."

आमची ही पूर्वी याहून जास्त बोलायची. हल्ली एका वाक्यात आटपते.

२२ जून

भंगारवाल्याकडून गुळाची जुनी कढई आणली. जिनिंगच्या नव्या मशिनी ज्या पेट्यांतून येतात त्यांच्या पाइनच्या फळ्याही त्याच्याचकडून घेतल्या. वावराच्या वरच्या अंगाला विटांची भट्टी रचली, बोअरचं पाणी भरलं आणि फळ्या दगड ठेवून बुडवल्या.

गंमत म्हणजे हेच पाणी बॉयलरचं हाडवैरी. खार नळ्यांना चिकटतो, नळ्या तापून फुटतात. त्या खाराशी भांडण्यात माझं आयुष्य गेलं आणि आता म्हातारपणी त्याच्याशीच सोयरीक जमवली. काही फळ्या एक दिवस उकळायच्या, काही दोन, काही आठवडाभर. मग सावलीत वाळवून बघायचं.

आज दुपारी भूक लागली. आपणहून भाकरी मागून खाल्ली. देवकाबाईनं वाढताना रूपालीकडे पाहिलं, का ते कळलं नाही. भाकरीच होती.

२ जुलै

निकाल. कोरी पाइन पाण्यात ठेवली की चांगली फुगते, आसाचं भोक आवळतं. एक दिवस उकळलेली कमी फुगते. आठवडाभर उकळलेली जवळजवळ फुगतच नाही. पाणी वरून घरंगळून जातं. वजनालाही हलकी झाली आहे. म्हणजे जितकं जास्त उकळाल तितकं बरं. नियम सरळ आहे, जास्त शोध लावायची गरज नाही.

रंग फार देखणा येतो. आणि तुकडा विळ्यावर आपटला तर टणकन मोडतो, पापडासारखा, कुठे रेषा लोंबत नाही. ओलावा पार गेल्याची ही खूण.

मुकेशला दाखवलं. त्यानं मोडलेला तुकडा हातात घेऊन बराच वेळ फिरवला. म्हटलं, "कसं?" म्हणाला, "चांगलं हाये, बाबा." पूर्वी हा प्रत्येक गोष्टीत फाटे फोडायचा. वयानं समजूत येते माणसाला.

९ जुलै

झोप नीट नाही. डोक्यात भट्टी चालूच असते. पहाटे उठून आग लावून येतो तेव्हा कुठे बरं वाटतं.

आज एक फालतू कटकट. रूपालीला ओट्याजवळ मांडणी हवी होती म्हणून आठवडाभर उकळलेली एक छान फळी दिली होती. ती मोडली.

"मामाजी, वांग्याचे दोनच क्रेट ठेवले होते," ती म्हणाली.

"दोन की चार?"

"दोनच होते."

मुकेश मधे पडला. "जाऊ दे व, ओझं जास्त झालं असन." रूपालीनं त्याच्याकडे पाहिलं आणि मलाच म्हणाली, "हो मामाजी, मायीच चुकी असन." चूक कबूल केली हे आवडलं. माझ्या शब्दाला घरात वजन आलंय असं दिसतं. मिलमध्ये फोरमनसुद्धा इतक्या लवकर ऐकत नसे.

१५ जुलै

दोन गोष्टी झाल्या, एक वाईट, एक मोठी.

वाईट म्हणजे वरच्या अंगाची वांगी पिवळी पडून बसू लागली आहेत. मुकेश म्हणतो खताचं प्रमाण चुकलं असेल. मी त्याला चांगलं अर्धा तास सुनावलं. माझं कढईचं गरम पाणीसुद्धा मी वाया जाऊ देत नाही, निवलं की बांधाच्या कडेनं वांग्याकडेच सोडतो, आणि याला खताचा हिशेब ठेवता येत नाही. त्यानं मान खाली घालून ऐकलं.

मोठी गोष्ट. तान्हा पोळा मंडळाचा रत्नदीप संध्याकाळी आला. उकळलेल्या लाकडाची बातमी गावभर गेली आहे. कढईजवळ उकिडवा बसून म्हणाला, "काकाजी, या सालचा मोठा नंदी तुमीच करा. सागाचा जुना सडला. लेकरं वर बसतात, फोटो काढतात, पाणीपाऊस राह्यते. तुमच्या लाकडाले पाणी लागत नाई म्हनतात."

म्हटलं, "लागत नाही."

"मजबूत पाह्यजे पन. लहान लहान लेकरं असतात."

म्हटलं, "रत्नदीप, मी ज्या बॉयलरवर होतो त्याच्या भिंतीआड दीडशे माणसं काम करत होती. एकाला कधी चटका बसला नाही."

तो पाया पडून गेला. जेवताना सांगितलं तर घरात एकदम शांतता. आनंदानं असावी. मुकेशनं विचारलं, "बाबा, मोठा म्हनजे किती मोठा?" छातीएवढा, म्हटलं.

२४ जुलै

प्रफुल्ल सुतार कामाला लागला. त्याच्या पडवीत दिवसभर बसून असतो. पायासाठी मी आठवडा उलटून गेलेलं, सर्वात जास्त उकळलेलं लाकूड निवडून दिलं. सर्वात चांगलं ते पायांना, कारण पाय चिखलात राहणार.

प्रफुल्ल खूश आहे. "काकाजी, रंधा असा चालते जसा लोण्यातून." पण खाचेत बसवायची कुसं ठोकताना दोनदा मोडली. म्हटलं, हात जड आहे तुझा, सागवानाची सवय. त्यानं तिसऱ्यांदा हळूच ठोकलं, तेही मोडलं. मग म्हणाला, "तुमी घरी जा काकाजी, चहा घ्या, मी पाह्यतो." परत गेलो तर मुकेश तिथे आलेला. दोघं मोडक्या तुकड्यांकडे बघत उभे होते. मी म्हटलं, काय झालं? प्रफुल्ल म्हणाला, पाय आतून पोकळ ठेवतो, वजन कमी राहील. कल्पना चांगली वाटली, मीच आधी सुचवायला हवी होती.

३ ऑगस्ट

आज मयुरीच्या नंदीच्या नव्या चाकांची परीक्षा. जनावरांच्या हौदात रात्रभर बुडवून ठेवली होती. सकाळी आसावर चढवली आणि मयुरीला म्हटलं, फिरव. फिरली. सुळकन फिरली. पोरगी हसली आणि मी नाहक डोळे पुसत बसलो. भट्टीचा धूर होता असं सगळ्यांना सांगितलं. इथे खरं लिहायला हरकत नाही, धूर नव्हता.

गावातल्या पोरांसाठी ओढायचे छोटे नंदीही करतोय. तेही याच लाकडाचे.

मोठा नंदी मुकेश आणि प्रफुल्ल हिंगणघाटला नेऊन रंगवणार आहेत. मीही निघालो होतो. मुकेश म्हणाला, गाडीत जागा नाही. जागा होती, मी पाहिली. पण रंगाच्या वासानं मला खोकला होतो हे त्याच्या लक्षात असेल म्हणून काही बोललो नाही.

१२ ऑगस्ट

नंदी आला. पांढराशुभ्र, निळ्या डोळ्यांचा, पाठीवर झूल रंगवलेली. गाडीतून उतरवायला चार माणसं लागली. उकळलेलं लाकूड हलकं होतं असं मी मागे लिहिलंय, पण रंगाचे तीन हात दिले तर वजन वाढणारच.

दिवसभर माणसं बघायला येत होती. मी प्रत्येकाला कढईची माहिती दिली. देवकाबाईनं तीनदा चहा केला आणि एकदाही कुरकुरली नाही. रात्री तिला म्हटलं, "तू हल्ली भांडत नाहीस." ती म्हणाली, "कायले भांडू? तुमी खुश हाये ना." उत्तर बरोबर होतं, तरी काही केल्या डोळा लागेना. उठून नंदीभोवती फेरी मारून आलो.

२२ ऑगस्ट, पोळा

तोरणाखाली बैल उभे राहिले. या वर्षी गावात जोड्या कमी, ट्रॅक्टरनं पोळा खाल्ला असं म्हणायचं. पण होते ते बैल सुंदर सजवलेले. झडत्यांची गाणी म्हणून झाली, तोरण तुटलं, माणसं घरोघर बैल घेऊन गेली.

रत्नदीप भेटला. म्हणाला उद्या नंदीवर एका वेळी दोन दोन लेकरं बसवणार, आणि एखाद्याचा बाप म्हणाला मीही बसतो पोराला घेऊन तर त्यालाही नाही म्हणता येत नाही. फोटोवाला हिंगणघाटहून बोलावलाय.

मी हो हो म्हणत होतो आणि तिथल्या तिथे मिलमधला इन्स्पेक्टर आठवला. बॉयलरची वर्षातून एकदा परीक्षा होते. रोज जेवढा दाब चालवायचा त्याच्या दीडपट दाब पाण्यानं चढवतात, इन्स्पेक्टर हातोडी घेऊन प्रत्येक सांधा वाजवून बघतो, आणि मगच कागदावर सही होते. तीस वर्षांत ही परीक्षा न देता मी आग पेटवली नाही. आणि या नंदीची मी कोणती परीक्षा घेतली? पाण्याची. फुगतो का, एवढीच. कारण मला भीती फुगण्याची होती. दाबाची परीक्षा मी घेतलीच नाही. तीस वर्षं ज्याचं खाल्लं तेच विसरलो.

सकाळी उजेड झाला की बघतो. उगाच घाबरतोय बहुतेक.

२३ ऑगस्ट, सकाळ

मोडली.

पायांसाठी कापलेल्या पट्ट्यांतला हातभर तुकडा दोन विटांवर आडवा ठेवला आणि वर उभा राहिलो. एक पाय ठेवला तोवर ठीक, दुसरा टेकवला आणि टणकन दोन तुकडे. तेवढ्याच जाडीची कोरी पट्टी ठेवली, तिच्यावर उभा राहिलो. ती वाकली, कुरकुरली, पण तिनं मला धरून ठेवलं. पुन्हा उकळलेली. मोडली. एक दिवस उकळलेली ठेवली, ती वाचली. म्हणजे उकळून उकळून मी तिचं पाणी पिणं बंद केलं आणि तिचा जीवही काढून घेतला.

नंदी पहाटेच पाराजवळ नेलाय. पोरं जमत असतील. जातो.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ

सगळं क्रमानं लिहितो.

पाराजवळ पोचलो तेव्हा शंभरेक पोरं आपापले नंदी घेऊन रांगेत. मोठ्या नंदीला हार घातलेला. बाजूला फोटोवाला, आणि एक बाई आपल्या पोराला उचलून वर बसवायच्या बेतात. मी धावत गेलो आणि नंदीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवून उभा राहिलो.

"कोणी बसायचं नाही," म्हटलं.

रत्नदीप हसत आला. "काऊन काकाजी, पूजा राह्यली का?"

"लाकूड मोडतं. मी आत्ता घरी पाहून आलो. पाय मोडतील."

तो आधी कुजबुजला, "काकाजी, आता? सारे आले ना," मग जरा रागानं म्हणाला, "तुमीच तं मजबूत सांगतलं होतं."

"मी चुकीचं सांगितलं." हे मी मोठ्यानं म्हणालो. माईक चालू होता, गावभर ऐकू गेलं. "मी फक्त पाण्याची परीक्षा घेतली. वजनाची घेतली नाही. चूक माझी आहे, सुताराची नाही."

लोक एकमेकांकडे बघायला लागले. कोणी हसलं. मागून एकजण म्हणाला, म्हाताऱ्याला काय झालं. मग मला वाटलं, सांगून कोणाला पटणार नाही, दाखवावं लागेल. मोडायचाच असेल तर माझ्या अंगाखाली मोडू दे. हार बाजूला केला, पार चढलो आणि सरळ नंदीवर जाऊन बसलो. डोळे मिटले.

काही झालं नाही.

मी जरा हललो. काही नाही. मग पोरासारखा उड्या मारल्यासारखा अंग आपटून बसलो. नंदी ढिम्म. लोक टाळ्या वाजवायला लागले. रत्नदीप माईकवर म्हणाला, "काकाजीनं परीक्षा घेतली, नंदी पास." सगळे खदखदून हसले, आणि बायका पोरांना पुढे ढकलायला लागल्या.

मी उतरलो. मला एकट्यालाच हसू येत नव्हतं, कारण सकाळच्या पट्ट्या मी माझ्या पायांनी मोडल्या होत्या. उकळलेली पाइन मला धरून ठेवत नाही हे मी शिकलो होतो. मग इथे मला कोणी धरलं? खाली वाकलो आणि घराच्या किल्लीनं पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडला. लाकडाची पातळ साल निघाली आणि आत किल्ली वाजली. लोखंड. दुसरा पाय, तिथेही लोखंड. पोटाखाली हात घातला तर चौकट अँगलची, वेल्डिंगचे टाके हाताला लागले.

मान वर केली. गर्दीत प्रफुल्ल होता, त्यानं तोंड फिरवलं. मुकेश मयुरीचा हात धरून उभा होता. तो जमिनीकडे बघत होता.

मी रत्नदीपला म्हटलं, "बसव लेकरं. मजबूत आहे." आणि घरी आलो. मागून मयुरीच्या छोट्या नंदीच्या चाकांचा आवाज येत होता. रिमझिम होती, चाकं अडली नाहीत.

२४ ऑगस्ट

आज सकाळी चहा ठेवून तिघंही उठायला लागली तेव्हा मी म्हटलं, बसा. कोणाला माहीत होतं?

सगळ्यांना माहीत होतं. फळी मोडली त्या दिवसापासून. रूपालीनं मुकेशला सांगितलं, मुकेशनं प्रफुल्लला, आणि दोघांनी हिंगणघाटला जाऊन आत पाइप आणि चौकट घातली. रंग हे निमित्त होतं.

मला राग चढला. म्हटलं, "बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व अडकला तर ज्याला आधी कळतं त्यानं ओरडायचं असतं. वरच्याचा मूड पाहत बसायचं नसतं. तुम्ही दीड महिना माझा मूड पाहिला."

मुकेश म्हणाला, "बाबा, सांगतलं असतं तं तुमी आयकलं असतं का?"

तरी मी म्हटलं, "सांगून तर पाहायचं."

मग देवकाबाई बोलली. बसल्या जागेवरून, हातातली भाजी खाली न ठेवता.

"काय सांगाचं? मिल सुटली तवा तुमी भिंतीकडे पाहत बसत होते. ताट समोर ठेवलं तं ताटाकडेबी पाहत नव्हते. मी रोज भाकर परत गाईले टाकत होती. त्या कढईखाली आग लागली अन् तुमी भाकर मागाले लागले. मंग कोन म्हनन की लाकूड खराब हाये? मी तं नाई म्हनत. तुमी दगड उकळले असते तरी मी चहाच केला असता."

मला हे माहीत नव्हतं. मी खरंच भिंतीकडे बघत होतो का, आठवत नाही. त्या अडीच महिन्यांतलं मला फारसं काही आठवत नाही हे मात्र खरं.

तिला आणखी जोर आला. एप्रिलपासूनचं साचलेलं असावं. "अन् वांगे? वांग्याच्या तीन ओळी कायनं गेल्या? तुमच्या खाऱ्या पान्यानं. गरम पानी सोडलं अन् वरतून लेकराले खताचं ग्यान देल्लं. तो बिचारा आयकत राह्यला. पहाटे पहाटे आग लावता, साऱ्या घरात धूर. मयुरीले खोकला झाला. सरपन मी वेचून आनते, माये गुडघे पाह्यले का कदी? त्या प्रफुल्लचा हात जड म्हनता, त्याचा हात का जड हाये?"

रूपाली म्हणाली, "आई, राहू द्या ना आता."

"काऊन राहू देऊ? विचारलं ना त्यायनं."

विचारलं होतं खरं. मी म्हटलं, "अजून काही?"

"हाये. पन आता वावरात जाचं हाये," ती म्हणाली आणि टोपलं उचललं. जाताना मला म्हणाली, "अन् काल पाराजवळ बोलले ते चांगलं केलं. तेबी आयका."

मुकेश मागे थांबला. दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, मले वाटलं नोतं तुमी साऱ्याइसमोर बोलसान. मले वाटलं, माहीत पडलं तरी तुमी झाकून न्यासान." मग चपला घालत म्हणाला, "मायीबी चुकीच हाये मंग."

मी त्याला म्हटलं, वांग्याच्या ओळी उपटून टाक, मातीला गोडं पाणी आणायची सोय बघू. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. म्हणाला, "मी पाह्यतो काय करता येते ते. तुमी परवा सांबार घेऊन बाजारात जाजो. माह्याच्यानं दोन्ही होत नाई."

२६ ऑगस्ट

बाजार. सांबार लवकर खपला. परत येताना ज्या ज्या घरी छोटे नंदी विकले होते तिथे एकेक करून गेलो. सगळ्यांना सांगितलं, ओढायला उत्तम, पावसात चाक अडणार नाही, पण पोराला वर बसवू नका, मोडतो. एका घरी चहा मिळाला, एका घरी ऐकवलं की मग विकला कशाला. बरोबर आहे त्यांचं. दोन नंदी परत घेतले.

प्रफुल्लच्या पडवीत जाऊन म्हटलं, तुझा हात जड नाही. तो म्हणाला, "माहीत हाये काकाजी," आणि रंधा चालवत राहिला.

३१ ऑगस्ट

डोक्यात पुन्हा वळवळ सुरू. चूक लाकडाची नाही, हावरटपणाची होती. एक दिवस उकळलेली पट्टी माझं वजन सोसते आणि फुगतेही कमी. मधला मार्ग आहे. चाकं जास्त उकळायची, पाय कमी, आणि प्रत्येक नंदीची आधी दीडपट वजनानं परीक्षा. पाणी वावराकडे न सोडता खड्डा खणून तिथे मुरवायचं. पुढच्या पोळ्यासाठी आत्तापासून लागलं तर होईल.

जेवताना सगळं नीट मांडलं. तिघांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग मुकेश म्हणाला, "नाई बाबा."

"का नाही?"

"हिवाळ्यात गोबी लावाची हाये, वरच्या अंगाची जागा मले पाह्यजे. भट्टी तिथं नाई. दुसरीकडे कराची असन तं करा, पन सरपन आई नाई आननार. अन् मले येळ नाई."

मी म्हटलं हा अन्याय आहे. रूपाली म्हणाली, "मामाजी, अन्याय नाई, मायबी तेच म्हननं हाये. अन् खड्ड्यातलं पानी बोअरमंदी उतरलं तं काय कराचं?" तो विचार मी केला नव्हता. देवकाबाई म्हणाली, भाकर निवून राह्यली, आधी खा, मंग भांडा. मी खाल्ल्यावर भांडलो. मयुरी झोपून गेली तरी भांडत होतो. मुकेशनं एकदा आवाजही चढवला, आणि रूपालीनं चक्क त्याच्यापेक्षा मोठा मुद्दा काढला.

शेवटी भट्टी गोठ्यामागे, आणि तीही दिवाळीनंतर, एवढंच पदरात पडलं. सरपण माझं मला आणायचं. गेले तीन महिने या घरात मी प्रत्येक वाद जिंकत होतो, कारण समोरून कोणी लढतच नव्हतं. आज सरळ सरळ हरलो, आणि हरून आल्यावर देवकाबाईला अजून एक भाकरी मागितली. तिनं एकच शिल्लक आहे म्हणून अर्धी दिली.